गावची शाळा कशी आहे?

गेल्या मार्च महिन्यातील गोष्ट. शेजारच्या वाडीतील एक तरुण दांपत्य संध्याकाळच्या वेळी आमच्याकडे आले होते. त्यांच्या मुलीला येत्या जूनमध्ये पहिलीत घालायचे होते. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्यावर मुलीच्या वडिलांनी मूळ विषय काढला. "काका, आपल्या गावची जिल्हा परिषदेची शाळा कशी आहे हो?" आम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तरलो, "पूर्वीसारखी राहिली नाही." दोघांनीही माना हलवल्या. जणू त्यांना हेच उत्तर अपेक्षित होते. चहा घेऊन ती दोघे निघून गेली.

ती गेल्यावर मात्र आमच्या मनाला एक टोचणी लागून राहिली. आम्ही एका शाळेवर निकाल दिला होता, आणि तो कशाच्या आधारावर? या शाळेत आम्ही स्वतः चौथीपर्यंत शिकलो. तेव्हा ती ठाणे जिल्हा परिषदेची होती, २०१४ साली जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ती पालघर जिल्हा परिषदेची झाली. आमच्या वसईतील कित्येक कुटुंबांप्रमाणे आम्हीही आमची मुले या शाळेत न घालता इंग्रजी माध्यमात धाडली. त्यानंतर शाळेत पाऊल टाकले ते केवळ निवडणुकीच्या दिवशी, कारण मतदान केंद्र तेथेच असते. म्हणजे ज्या दिवशी शाळेत एकही मूल नसते नेमक्या त्याच दिवशी आम्ही शाळा पाहत आलो होतो. तरीही "पूर्वीसारखी राहिली नाही" हे वाक्य आमच्या ओठांवर तयार होते!

सरकारी प्राथमिक शाळेची प्रत कशी जोखावी, हा प्रश्न वरकरणी शिक्षणतज्ज्ञांचा वाटतो. त्यासाठी खाती आहेत, अधिकारी आहेत, सर्वेक्षणे आहेत. परंतु थोडा खोल विचार केला, की या प्रश्नाला एक नैतिक बाजू आहे हे ध्यानात येते. शाळा कोणत्या मापाने मोजायची हे ठरवताना कोणत्या मुलाला मोजायचे आणि कोणत्या मुलाला सोडून द्यायचे, हेही आपण नकळत ठरवून टाकतो. आणि न्याय देणारा स्वतः त्या खटल्यात कोठे उभा आहे, हा प्रश्न तर त्याहूनही अवघड आहे.

* * *

आपण सामान्य माणसे शाळा कशावरून पारखतो? इमारत, गणवेश, मुलांच्या तोंडचे इंग्रजी, शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीतील नावे आणि प्रवेशाच्या वेळी लागणारी रांग यांवरून. या गोष्टी अगदीच निरर्थक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. स्वच्छ वर्ग आणि निटनेटकी मुले कोणाला आवडत नाहीत? परंतु यांतील बहुतेक गोष्टी शाळेने मुलासाठी काय केले याची साक्ष देत नाहीत. शाळेच्या दारातून आत कोण आले एवढेच त्या सांगतात. ज्या घरात आईवडील शिकलेले आहेत, संध्याकाळी अभ्यास घेणारे कोणी आहे, शिकवणीची फी भरण्याची ऐपत आहे, त्या घरचे मूल कोणत्याही शाळेत बरेचसे शिकून जाते. अशीच मुले निवडून घ्यायची आणि त्यांच्या गुणांची पाटी आपल्या दारावर लावायची, हे एखाद्या वाण्याने निवडलेले तांदूळ विकत घेऊन "आमच्या तांदळात खडा सापडणार नाही" अशी फुशारकी मारण्यासारखे आहे. खरी मेहनत ज्याने तांदूळ निवडले त्याची.

या संदर्भात आंध्र प्रदेशातील एका अभ्यासाची आठवण होते. २००८ पासून तेथील खेड्यांत सरकारी शाळांतील काही मुलांना सोडत काढून खाजगी शाळेत जाण्यासाठी शिष्यवृत्त्या देण्यात आल्या. सोडतीत नाव निघालेली आणि न निघालेली मुले घरच्या परिस्थितीने सारखीच होती, त्यामुळे फरक पडलाच तर तो शाळेचा असणार. चार वर्षांनी तपासणी केली तेव्हा तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. खाजगी शाळेत गेलेली मुले हिंदीत मात्र पुढे होती. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्या अनेक समजुतींना धक्का देणारी ही गोष्ट आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर तिची दुसरी बाजूही तितकीच बोचरी आहे. खाजगी शाळांनी हेच काम सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात केले होते, आणि तेलुगू व गणिताला त्यांनी वेळही कमी दिला होता. तेव्हा सरकारी शाळेच्या कैवाऱ्यांनी या अभ्यासाचे अर्धेच पान वाचून थांबू नये.

* * *

शासनाची मापे वेगळी आहेत. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा कशी असावी याची यादीच दिली. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, प्रत्येक शिक्षकाला वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण, ग्रंथालय, अपंग मुलाला आत येता येईल असा मार्ग, पहिली ते पाचवीसाठी वर्षाला दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन. ही यादी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ज्या मुलीला दिवसभर तहान दाबून बसावे लागते, कारण शाळेत जाण्याजोगे स्वच्छतागृह नाही, तिला विचारावे भिंत आणि दार म्हणजे काय ते. परंतु सगळ्या चौकटींत खुणा पडूनही शाळा रिकामी राहू शकते. आकड्यांचा एक स्वभावच आहे. ज्या आकड्यावर अनुदान किंवा नोकरी अवलंबून असते, तो आकडा हळूहळू खोटे बोलू लागतो. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा कागदावर हजर आणि वर्गात नसलेली मुले कितीतरी शाळांत आढळली होती. हजेरीपट होता, मुले नव्हती.

मग प्रश्न पुढे सरकला. मुले शाळेत आहेत हे ठीक, पण ती शिकतात काय? 'प्रथम' या संस्थेने २००५ साली सुरू केलेल्या 'असर' सर्वेक्षणाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. या सर्वेक्षणाची रीत आम्हांला विशेष भावते. कार्यकर्ते शाळेत न जाता खेड्यातील घरोघरी जातात आणि मुलापुढे एक साधा कागद ठेवतात. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा एक उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. मूल कोणत्या पायरीपर्यंत वाचते एवढेच पाहायचे. शाळेत जाणारे, न जाणारे, आजारी असणारे, शेळ्या राखणारे, सारेच घरी भेटतात. कोणी गाळले जात नाही. २०१८ साली देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी ५०.५ टक्के मुले ती दुसरीची गोष्ट वाचू शकत होती. करोनाच्या साथीत शाळा बंद राहिल्या, आणि २०२२ साली हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आले. पाच वर्षे शाळेत काढलेल्या दर दोन मुलांपैकी एकाला दुसरीची गोष्ट वाचता येऊ नये, ही केवळ आकडेवारी नव्हे. ते एका पिढीशी केलेले वचनभंग आहे.

तरीसुद्धा या मापाला एक मर्यादा आहे. मूल कोणत्या पायरीवर उभे आहे हे ते सांगते, पण ते मूल कोणत्या खड्ड्यातून वर आले हे सांगत नाही. देशाची प्रकृती पाहण्यासाठी हे माप उत्तम आहे. मात्र गावच्या एकेका शाळेवर निकाल देण्यासाठी, विशेषतः तेथील शिक्षकाला बक्षीस किंवा शिक्षा देण्यासाठी, हाच आकडा हाती घेतला तर काय होते? हा प्रश्न नवा नाही. त्याचे उत्तर इतिहासाने एकदा दिलेले आहे.

* * *

१८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो याने शाळांच्या अनुदानाचा नवा नियम आणला. तपासनीसाने शाळेत जाऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणित यांत परीक्षा घ्यायची आणि जितकी मुले उत्तीर्ण तितके अनुदान द्यायचे. वरवर पाहता यात गैर काय? काम तसे दाम! परंतु थोड्याच काळात शिक्षक वर्षभर परीक्षेपुरतेच शिकवू लागले आणि मुलांकडून नेमलेले पुस्तक पाठ करून घेऊ लागले. स्वतः शाळातपासनीस असलेला कवी मॅथ्यू आर्नल्ड या पद्धतीविरुद्ध सातत्याने लिहीत राहिला. ती पूर्णपणे मोडीत निघायला मात्र शतकाचा शेवट उजाडावा लागला.

ही पद्धत मुंबई इलाख्यातही आली, आणि तिच्यातील खरी मेख ओळखणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रात होता. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. शेतकऱ्याच्या घामातून सरकारच्या तिजोरीत पैसा येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार सर्वांना ठाऊक आहे. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणीही ठाऊक आहे. परंतु त्याच निवेदनात त्यांनी निकालावर अनुदान देण्याच्या पद्धतीविषयी जे मत मांडले, त्याची आठवण फारशी कोणी करीत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या समाजात विद्येची गोडी अजून रुजलेली नाही तेथे ही पद्धत उपयोगाची नाही. महार, मांग, किंबहुना कुणब्यांच्या मुलांना शिकवण्यास कोणी शिक्षक आपणहून पुढे येणार नाही, कारण कितीही कष्ट केले तरी पुरेसा निकाल त्याच्या हाती लागणार नाही.

या विधानाचा अर्थ नीट समजून घ्यावा. निकालाचे माप हे केवळ अपुरे नव्हे. ते शिक्षकाला एका विशिष्ट मुलापासून दूर ढकलते. ज्या मुलाला शिक्षकाची सर्वांत अधिक गरज, तेच मूल शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत तोट्याचे ठरते. माप चुकले की माणुसकीही चुकीच्या दिशेला वळते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जोतीरावांनी जे ओळखले, ते आजच्या गुणवत्ता याद्या काढणाऱ्यांनी आपल्या मेजावर लिहून ठेवावे असे आहे.

इटलीतील बार्बियाना हे फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातले एक लहानसे खेडे. डॉन लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूची १९५४ साली तेथे नेमणूक झाली. सरकारी शाळेने नापास करून घरी पाठवलेली शेतकऱ्यांची पोरे जमवून त्यांनी शाळा चालवली. त्यांच्यापैकी आठ मुलांनी मिळून आपल्याला नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. ते १९६७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच महिन्यात मिलानींचे निधन झाले. त्या मुलांनी रागाबरोबर आकडेही मांडले होते. किती मुले पहिल्या वर्गात आली, किती मधेच गळाली आणि गळालेल्यांचे बाप काय काम करीत होते. शाळा आपल्या उत्तीर्ण मुलांकडे बोट दाखवत होती, तर ही पोरे गळालेल्यांची मोजदाद करीत होती. शाळेचा हिशेब तपासण्याची ही रीत आम्हांला फार मोलाची वाटते. जमेची बाजू सारेच वाचतात. वहीचे दुसरे पान उलटून पाहणारे थोडे.

* * *

एवढे सारे पुस्तकी ज्ञान मनात घोळवत आम्ही एके दिवशी सकाळी गावच्या शाळेत गेलो. कौलांच्या जागी आता पत्रे आले आहेत. चिंचेचे झाड तेवढे तसेच आहे. पहिली ते चौथीचे वर्ग, पट सदतीस, शिक्षक दोन. त्यांतील गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेले होते, म्हणून बाई दोन खोल्यांमधले दार उघडे टाकून चारही वर्ग सांभाळीत होत्या. आमच्या काळी या वर्गांत वाडीतील सारी मुले असत. आता आमच्या समाजाचे एकही मूल त्यात नव्हते. आदिवासी पाड्यावरची मुले होती, बांधकामावरील मजुरांची होती, उत्तरेकडून आलेल्या भाजीविक्रेत्यांची आणि गवंड्यांची होती. कोणाच्या घरी वारली, कोणाच्या घरी भोजपुरी. बाई सांगत होत्या, "पहिले तीन महिने मी त्यांची भाषा शिकते, मग ती माझी शिकतात."

तिसरीच्या वर्गातील एका मुलाला आम्ही दुसरीचे पुस्तक वाचायला दिले. त्याने खणखणीत आवाजात अख्खा धडा म्हणून दाखवला. आम्ही सहज पुढचे पान उलटले आणि तो गप्प झाला. त्याला तो धडा पाठ होता, वाचता येत नव्हते. आम्ही बाईंकडे पाहिले. त्यांनी सबब सांगितली असती तर ती आम्हांला मान्यच होती, कारण दुसऱ्या खोलीत तर शिक्षकच नव्हता. पण त्या म्हणाल्या, "त्याचे अक्षर दुसरीतच कच्चे राहिले. बडबड्या आहे, सगळे पाठ म्हणतो, म्हणून आमच्या ध्यानात आले नाही. ते आमच्याकडूनच राहिले."

त्याच वर्गात एक मुलगी होती. दोन वर्षांत तिची ही तिसरी शाळा. इमारत पूर्ण झाली की तिचे आईवडील पुढच्या इमारतीकडे जातात. जुलै महिन्यात ती आली तेव्हा तिला एक अक्षर ओळखता येत नव्हते आणि ती कोणाशी बोलतही नव्हती. आम्ही गेलो त्या दिवशी ती फळ्यावरचे शब्द बोट ठेवून वाचत होती, आणि चुकल्यावर स्वतःशीच हसून पुन्हा वाचत होती. 'असर'च्या कागदावर ती 'शब्द' या पायरीवर थांबली असती. म्हणजे तिसरीतील नापास मूल. पण आठ महिन्यांत तिने जे अंतर कापले होते, ते आमच्या मुलांनी कोणत्याही एका वर्षात कापले असेल असे आम्हांला वाटत नाही.

निघताना बाईंनी रिवाजाप्रमाणे शेरेबुक पुढे केले. आम्ही मागची पाने चाळली. पाहुण्या मंडळींनी लिहिलेले शेरे एकाच साच्याचे होते. "शाळेस भेट दिली. समाधान वाटले." आम्ही लेखणी उघडली आणि मिटली. त्या एकाच वर्गात ते मूलही होते आणि ती मुलगीही. समाधान वाटले असे लिहावे तर त्या मुलाशी अप्रामाणिकपणा, आणि शाळा घसरली असे लिहावे तर त्या मुलीशी. "पुन्हा येईन तेव्हा लिहितो," असे म्हणून आम्ही बाहेर पडलो.

* * *

त्या न लिहिलेल्या शेऱ्यापायी आम्ही पुढे बरेच दिवस विचार केला. सरकारी शाळेला विचारावेत असे तीन प्रश्न आमच्या हाती लागले.

पहिला प्रश्न, ही शाळा कोणाला आत घेते आणि कोणाला टिकवते? सरकारी शाळेचे दार कोणालाही नाकारीत नाही, हा तिचा दुबळेपणा समजला जातो. वास्तविक तीच तिची प्रतिष्ठा आहे. परंतु दार उघडे असणे पुरेसे नाही. आत आलेले मूल चौथीच्या शेवटी कोठे आहे, मधूनच नाहीसे झाले असेल तर कोणी त्याच्या घरी जाऊन आले काय, हे विचारले पाहिजे.

दुसरा प्रश्न, मुलाने आत आल्यापासून किती अंतर कापले? दोन मुलांना एका रेषेवर उभे करून कोण पुढे आहे ते पाहणे सोपे आहे. एका मुलाला त्याच्याच कालच्या जागेवरून मोजणे कष्टाचे आहे. त्यासाठी शिक्षकाकडे प्रत्येक मुलाची नोंद हवी आणि ती पाहायला आपल्याकडे सवड हवी.

तिसरा प्रश्न मोजता येत नाही, पण कळतो. या शाळेत मुलाला माणूस म्हणून कसे वागवले जाते? कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली आहे, हे झाले किमान. त्यापलीकडे, मूल चुकल्यावर घाबरते की हसून पुन्हा वाचते? बाईंना त्याचे नाव ठाऊक आहे की केवळ हजेरी क्रमांक? ते प्रश्न विचारते काय?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. "गरिबांची मुले, घरी वातावरण नाही, तरी बरेच शिकतात म्हणायचे" असा सूर लावला, की शाळेला पळवाट मिळते. नाचता येईना अंगण वाकडे, हे शिक्षकांनाही लागू आहे. आम्ही सुचवलेल्या मापाचा असा अर्थ कोणी घेतला तर तो मोठा अनर्थ होईल. करुणेच्या नावाखाली अपेक्षा कमी करणे हा गरिबाच्या मुलाचा सर्वांत सभ्य अपमान आहे. त्या तिसरीच्या मुलाला दया नको आहे, वाचता यायला हवे आहे. कापलेले अंतर मोजायचे ते शाळेला माफ करण्यासाठी नव्हे. कोणते मूल जागच्या जागी थांबले हे उघडे पडावे म्हणून मोजायचे. आणि बारीक पाहिले तर हे माप निकालाच्या मापापेक्षा अधिक कठोर आहे. वर्गातील दहा हुशार मुलांच्या गुणांमागे एक न वाचणारे मूल सहज लपते. येथे ते लपू शकत नाही.

* * *

आता उरला न्यायाधीशाचा प्रश्न. २०१७ साली राज्यातील दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला, तेव्हा गुणवत्तेचे कारण पुढे करण्यात आले होते. इतक्या थोड्या मुलांत शिक्षण नीट होत नाही, असा तो युक्तिवाद होता. त्यात तथ्य नाही असे नाही. चार मुलांच्या वर्गात खेळायलाही गडी पुरत नाहीत. परंतु पट कमी कसा झाला? शाळा वाईट म्हणून आपण मुले काढली, की आपण मुले काढली म्हणून शाळा वाईट झाली? याचे सरळ उत्तर कोणाजवळ नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून चालत आल्या. मात्र एवढे निश्चित, की ज्यांना जाब विचारता येत होता, अर्ज लिहिता येत होता, तालुक्याला जाऊन साहेबांपुढे उभे राहता येत होते, ते पालक प्रथम बाहेर पडले. मागे राहिले ते रोजावर जाणारे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असा कायदा आहे. पण एक दिवसाची मजुरी बुडवून सभेला यायचे आणि शिक्षकाला प्रश्न विचारायचा, हे त्या माउलीला किती अवघड असेल याची कल्पना करावी.

म्हणून आम्हांला असे वाटते, की सरकारी शाळेकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुकानातील माल पसंत नसेल तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते आणि त्याचे कर्तव्य तेथे संपते. ही शाळा आपल्या करांतून चालते, आपल्या गावाच्या जागेत उभी आहे, आपण तिचे धनी आहोत. आपले घर गळते आहे असे शेजाऱ्याला सांगत सुटणाऱ्या धन्याला लोक काय म्हणतील? आईबापाने आपल्या मुलाचे हित पाहू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आपले मूल दुसऱ्या शाळेत घालणे हा अपराध नव्हे. परंतु ते घालताना मागे राहिलेल्या शाळेवर डाग लावून मोकळे होणे, आणि पुन्हा त्या बाजूला न फिरकणे, यात अन्याय आहे. तो आम्ही स्वतः केला आहे.

* * *

एप्रिलच्या सुरुवातीस आम्ही त्या दांपत्याच्या घरी गेलो. आम्ही दिलेले उत्तर बिनबुडाचे होते आणि ते आम्ही मागे घेतो, असे सांगितले. मग जे पाहिले ते दोन्ही बाजूंनी सांगितले. बाईंविषयी, रिकाम्या खोलीविषयी, त्या मुलाविषयी आणि त्या मुलीविषयी. वडील शांतपणे ऐकत होते. मुलीच्या आईने विचारले, "काका, तुमची नात असती तर तुम्ही घातली असती?"

आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, "आमच्या मुलांच्या वेळी आम्ही शाळा आतून न पाहताच ठरवले होते. तुम्ही दोघे एकदा आत जाऊन बसा. पहिल्या बाकाकडे पाहू नका, शेवटच्या बाकावरच्या मुलाचे काय चालले आहे ते पाहा. मग जे ठरवाल ते ठरवा." ती दोघे शाळेत जाऊन आली. मुलगी कोणत्या शाळेत गेली हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. तो निर्णय त्यांचा आहे आणि त्यांनी तो पाहून घेतला आहे.

शनिवारी शाळा सकाळची असते. जूनपासून आम्ही त्या वेळी तासभर शाळेत जाऊन बसतो. त्यात फार मोठे काही नाही. शिकवण्याचे काम बाई आणि गुरुजी करतात, आम्ही फक्त ऐकतो. तो मुलगा आता चौथीत आहे. पाठ नसलेल्या पानावरची पहिली ओळ त्याने ऑगस्टच्या अखेरीस अडखळत वाचली. त्या मुलीचे कुटुंब पावसाळ्यापूर्वीच हलले. जाताना बाईंनी तिच्या वडिलांजवळ पुढच्या शाळेसाठी एक चिठ्ठी दिली आहे, तिला काय येते आणि काय यायचे राहिले आहे याची.

शेरेबुकातील आमचे पान अजून कोरेच आहे. बाई आता ते पुढे करीत नाहीत, आणि आम्हांलाही त्याची घाई वाटत नाही.